ओलावा मोजायला यंत्र आहे, छाती मोजायला का नाही?



खरेदी केंद्रावर कापसाची गाडी लागली की ग्रेडर आधी ओलावा मोजण्याचे यंत्र कापसात खुपसतो. आकडा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापला, १२ च्या वर गेला की माल परत! कास्तकाराचा भाव कापायचा असला की यंत्र दारात हजर असते. तोच कास्तकार छाती धरून वावरात बसला, तर त्याच्यासाठी कोणते यंत्र हजर असते? ‘गॅस झाला असेल’ म्हणून एक गोळी, एक सुई, आणि घरी रवानगी.

हृदयाचा स्नायू मरू लागला की त्यातले ट्रोपोनिन नावाचे प्रथिन रक्तात उतरते. बोटाच्या किंवा शिरेच्या थोड्या रक्तावर, खाटेशेजारीच, पंधरा-वीस मिनिटांत ते दाखवणारी कार्डे निघाली आहेत. जर्मनीत छातीत दुखणाऱ्या ७७३ रुग्णांची अशी तपासणी झाली, तिचा अहवाल १९९७ साली छापून आला. ज्यांच्या तपासण्या कोऱ्या आल्या, त्यांना पुढच्या महिनाभरात धोका फार थोडा होता. हे ज्ञान जुने आहे. ते राजूरपर्यंत यायला कोणता घाट आडवा आला?

कार्ड म्हणजे जादू नव्हे, हेही समजून घ्या. दुखणे सुरू झाल्यावर तीन-चार तास हे कार्ड कोरे राहू शकते. म्हणून एकदा कोरे आले की घरी पाठवणे ही फसवणूक आहे. काही तासांनी दुसरी तपासणी हवीच. मूत्रपिंडाच्या आजारातही ट्रोपोनिन वाढते, तेव्हा नुसती रेघ दाखवून घाबरवणाऱ्यापासून सावध राहा. आणि सर्वांत आधी ईसीजीची पट्टी. तिच्यात मोठा झटका दिसला, तर कार्डाची वाट पाहायचीच नाही, तडक उपचार.

उपचारही जुनाच. १७,१८७ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल १९८८ साली आला: ॲस्पिरिन आणि गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज दोन्ही दिल्यावर पाच आठवड्यांतले मृत्यू १३.२ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आले. जितके लवकर, तितका फायदा.

सरकार म्हणते, आम्ही योजना दिली. २०१२ साली जीवनदायी निघाली, २०१७ साली तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. तिच्यात अँजिओप्लास्टी बसते. पण ती शहरातल्या मोठ्या दवाखान्यात! वणीहून यवतमाळचे वैद्यकीय महाविद्यालय शंभर किलोमीटरच्या वर, नागपूर त्याहून लांब. तिथवर जिवंत पोचणाऱ्यालाच योजना. वाटेतले तास कोणाच्या खात्यावर?

आम्ही मेहरबानी मागत नाही. काडेपेटीपासून डिझेलपर्यंत प्रत्येक खरेदीवर आम्ही कर भरतो. म्हणून प्रत्येकाने आपल्या आरोग्य केंद्रात आणि तालुक्याच्या रुग्णालयात जाऊन चार प्रश्न विचारावेत. ईसीजी यंत्र चालू आहे का, आणि पट्टी मोबाईलवर तज्ज्ञाला दाखवण्याची सोय आहे का? ट्रोपोनिनची कार्डे मुदतीतली आहेत का? गुठळी विरघळवणारे औषध आणि ते देणारा डॉक्टर रात्री असतो का? १०८ ची गाडी किती वेळात येते?

उत्तरे लेखी घ्या आणि जिल्हा बैठकीला घेऊन या. छातीत कळ आली, घाम फुटला, कळ हातात-जबड्यात उतरली, तर ‘गॅस’ ऐकून परत फिरू नका. पट्टी काढल्याशिवाय दवाखान्याची पायरी उतरायची नाही!