बंब गेला, पण धुरांडे हवेच

दिवाळी तोंडावर आली की पूर्वी घरोघरी तांब्याचा बंब चिंचेने घासून लख्ख केला जात असे. मधल्या नळीतील काजळी खरवडली जाई, तळाची राख उपसली जाई आणि मगच नरकचतुर्दशीच्या पहाटे त्यात विस्तव पडे. हिवाळ्याची ही पूर्वतयारी कोणी शास्त्र म्हणून शिकवली नव्हती. ती रीत होती. बंब माळ्यावर गेला, तेव्हा त्याच्याबरोबर ही रीतही माळ्यावर गेली. आज त्याचीच किंमत मोजावी लागत आहे.

युरोपातील घरांप्रमाणे खोल्या उबदार ठेवणारी यंत्रे कोकणपट्टीला लागत नाहीत. खाडीकाठच्या घणसोलीसारख्या गावात हिवाळा म्हणजे पहाटेचा गारवा आणि आंघोळीचे गरम पाणी. जुन्या आगरी-कोळी घरांत हे पाणी मागील दारी, पडवीत किंवा परसात तापे. धूर कौलांच्या फटींतून निघून जाई. आणि कोंडलाच, तर डोळ्यांना झोंबून माणसाला बाहेर काढी. धुराचा त्रास होता, पण धूर प्रामाणिक होता. तो आल्याची वर्दी देत असे.

१९७० साली सिडकोची स्थापना झाली, जमिनी संपादित झाल्या आणि भातशेती व मिठागरांच्या या पट्ट्यात नवे शहर उभे राहिले. कुटुंबे वाढली, गावठाणाची वेस मात्र वाढली नाही. गरजेपोटी घरांवर मजले चढले. रबाळे-महापे पट्ट्यातील कारखान्यांत आणि कचेऱ्यांत काम करणाऱ्यांना तेथे भाड्याने खोल्या मिळाल्या. दोन इमारतींच्या मधली बोळ जेमतेम एका माणसाची उरली. जेथे परस होते, तेथे आता शेजारच्या घराची भिंत आहे. आणि न्हाणीघराचा झरोका असलाच, तर तो त्या भिंतीकडे तोंड करून आहे. अशा न्हाणीत वायूवर चालणारा गिझर येऊन बसला, की धोक्याची सर्व सामग्री सिद्ध होते.

या धोक्याचे गणित साधे आहे. स्वयंपाकाचा वायू नीट जळण्यासाठी त्याच्या २५ ते ३० पट हवा लागते. चार फूट रुंद, सहा फूट लांब आणि आठ फूट उंच न्हाणीत २०० घनफूटसुद्धा हवा मावत नाही. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणाऱ्या गिझरला ती जेमतेम अर्धा तास पुरेल. आणि प्राणवायू घटू लागताच, म्हणजे त्याच्या कितीतरी आधी, ज्योत बिघडते. निळी ज्योत पिवळी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. या वायूला रंग नाही, गंध नाही. सिलिंडरमधील वायूची गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो. परंतु जळताना तो वासही जळून जातो. रक्तातील हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूपेक्षा २०० हून अधिक पट घट्टपणे चिकटतो. डोके जड होते, मळमळते, पाय लटपटतात; आणि दाराची कडी काढावी हे सुचेपर्यंत हातातले बळ गेलेले असते.

जानेवारी २०२० मध्ये बोरिवलीत एक शाळकरी मुलगी अशाच न्हाणीघरात बेशुद्ध पडली आणि काही दिवसांनी दगावली. त्याच महिन्यात नेपाळमधील दामन येथे थंडीसाठी खोलीत लावलेल्या वायूच्या शेगडीने केरळच्या आठ पर्यटकांचा बळी घेतला. त्यांत चार मुले होती. हे केवळ अडाणीपणाचे किंवा गरिबीचे मरण आहे, असे समजण्याचेही कारण नाही. १९०२ साली पॅरिसमध्ये थोर कादंबरीकार एमिल झोला शयनगृहातील शेगडीमुळे गुदमरून मरण पावला, तो धुरांडे तुंबल्यामुळे. लेखणीने सत्तेला हादरवणाऱ्या पुरुषाला एका न झाडलेल्या धुरांड्याने संपवले!

मग वायूचे गिझर फेकून द्यावेत काय? तसे म्हणणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. विजेच्या बिलाचा धसका घेतलेले भाडेकरू कुटुंब हौसेने नव्हे, हिशेबाने हे यंत्र घेते. त्याला हवे ते यंत्राला लागणाऱ्या शिस्तीचे ज्ञान. गिझर न्हाणीच्या आत नव्हे, बाहेर मोकळ्या हवेत असावा आणि आत केवळ पाण्याची नळी यावी. हे शक्य नसेल, तर जळालेली हवा थेट उघड्यावर नेणारे धुरांडे आणि ताजी हवा आत घेणारी जाळी, दोन्ही हवीत. दिवाळीपूर्वी जाणत्या कारागिराकडून बर्नर साफ करून घ्यावा, रबरी नळी तपासावी, ज्योत निळी आहे ना ते पाहावे. बादली भरावी, गिझर बंद करावा आणि मगच आंघोळीस बसावे. एकामागून एक आंघोळी होत असतील, तर मध्ये दार उघडे ठेवावे. या उपायांना खर्च थोडा आणि सवय फार लागते.

तथापि, सारा भार भाडेकरूवर टाकून मोकळे होता येणार नाही. खोलीचे भाडे घेणाऱ्याने त्या खोलीत श्वासापुरती हवा आहे की नाही हे पाहणे, हा उपकार नव्हे, कर्तव्य आहे. गरजेपोटी बांधलेल्या घरांच्या नियमितीकरणाचा प्रश्न वर्षानुवर्षे गाजतो आहे. त्यातील चौरस मीटरांचा हिशेब महत्त्वाचा आहेच. पण त्या हिशेबात झरोक्यालाही एक रकाना असला पाहिजे. महापालिकेने हिवाळ्याच्या तोंडावर गावठाणांतून तपासणीची मोहीम काढावी, आणि शाळांतील विज्ञानाच्या शिक्षकांनी अपूर्ण ज्वलनाचा धडा फळ्यावरून मुलांच्या न्हाणीघरापर्यंत न्यावा. परीक्षेत ज्याला दोन गुण मिळतात, ते उत्तर घरी एखादा जीव वाचवू शकते.

पूर्वजांनी बंब घासला, तो केवळ चकाकीसाठी नव्हे. आगीला घरात घ्यायचे, तर तिच्या धुराला वाट करून द्यावी लागते, हे त्यांना ठाऊक होते. आग आता एका चकचकीत पेटीत बसली आहे आणि धूर दिसेनासा झाला आहे. वाट मात्र त्याला अजूनही हवीच आहे.