वाघ किनवटच्या जंगलातून गेला, मग वन्यजीव जीवशास्त्रज्ञाची नोकरी नांदेडमध्ये का नाही?

2019 मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ निघाला. किनवटचं जंगल, पैनगंगा अभयारण्य, इसापूर, हिंगोली असं करत तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. एकूण प्रवास तब्बल 3,000 किलोमीटरच्या आसपास.

हे कळलं रेडिओ कॉलरमुळे. पण कॉलर फक्त ठिकाण सांगते. तिथे जाऊन शिकार कशाची झाली ते पाहणं, विष्ठेचे नमुने घेणं, घाबरलेल्या गावकऱ्यांशी बोलणं, कॅमेरा ट्रॅपचे ढीगभर फोटो तपासणं (त्यात गाई-म्हशीच जास्त!) हे माणसालाच करावं लागतं. बहुतेकदा हा माणूस विशीतला, नुकतंच एमएस्सी झालेला आणि कंत्राटावर असतो.

पैनगंगा अभयारण्य तर यवतमाळ आणि नांदेडच्या सीमेवर, नदीच्या दोन्ही काठांवर आहे. मग नांदेड-लातूरच्या झूलॉजीवाल्यांचं काय?

वनरक्षक भरतीला बारावी पुरते. वनक्षेत्रपाल व्हायचं तर एमपीएससी. दोन्हीकडे भर संरक्षणावर आणि प्रशासनावर. 'जीवशास्त्रज्ञ' नावाच्या कंत्राटी जागांची जाहिरात मुख्यतः व्याघ्र प्रकल्पांची प्रतिष्ठानं काढतात. राज्यात असे 6 प्रकल्प आहेत: मेळघाट, ताडोबा, पेंच, बोर, नवेगाव-नागझिरा आणि सह्याद्री. मराठवाड्यात एकही नाही.

लातूरची तर वेगळीच गंमत. मांजरा नदी इथून वाहत पुढे तेलंगणात जाते आणि तिथे तिच्यावर मगरींसाठी ओळखलं जाणारं अभयारण्य आहे.

म्हणजे वाघ नांदेडमार्गे विदर्भात परततो आणि त्याचा अभ्यास करायचा असेल तर इथल्या मुलामुलींनाही बॅग भरून तिकडेच जावं लागतं. तेही अनेकदा 11 महिन्यांच्या करारावर.