बकऱ्या जंगलात सोडायच्या, की पिल्लं घरात सांभाळायची?

डिसेंबर 2025 मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या वेळी वनमंत्री गणेश नाईक यांनी एक हिशेब मांडला. बिबट्याच्या हल्ल्यात चार माणसं गेली तर सरकारला एक कोटी रुपये भरपाई द्यावी लागते. त्यापेक्षा एक कोटीच्या बकऱ्या जंगलात सोडल्या तर बिबटे वस्तीत येणार नाहीत. सोशल मीडियावर यावर खूप विनोद झाले आणि विषय मागे पडला. चंद्रपूर-गडचिरोलीत मात्र त्यावर हसू येत नाही, कारण आमच्याकडच्या बकऱ्या रोजच जंगलात सोडलेल्या असतात. सकाळी आठ-नऊला गावाबाहेर पडतात, दिवस मावळताना परततात, आणि कधीकधी एक-दोन कमी परततात. त्या सरकारी पैशाच्या नसतात, एवढाच फरक. बिबट्या काही त्यामुळे गावात यायचा थांबला नाही.

शिवाय बकरी हे जंगलात राहणारं जनावरच नाही. सोडली तर संध्याकाळी ती जवळच्या गावाच्या दिशेनं निघणार आणि मागोमाग शिकारी येणार. माणसाळलेल्या बकऱ्यांचे पीपीआरसारखे रोग जंगलातल्या हरणांपर्यंत पोहोचू शकतात, तो धोका वेगळाच.

पण मंत्र्यांचा एक कोटीचा आकडा आम्हाला उपयोगी वाटतो. रोजगार हमीतून, शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत, 2021 पासून दहा बकऱ्यांच्या शेडसाठी 49,284 रुपयांचा दर ठरलेला आहे. या दरानं एक कोटीत दोनशे शेड होतात, म्हणजे दोन हजार बकऱ्यांना रात्रीचा आसरा. पैसा तोच, फक्त तो जंगलात जाण्याऐवजी गावात येईल.

बकरीमागे कोण जातं, तेही बघितलं पाहिजे. म्हातारा माणूस, विधवा बाई, किंवा शाळेतलं पोरगं. आम्ही वर्गात हजेरी घेतो तेव्हा काही नावांना ठरावीक दिवशी उत्तर मिळत नाही. विचारलं की बाकीची मुलं सांगतात, सर, तो बकऱ्यांमागे गेला. पूर्वी त्यात फक्त अभ्यास बुडायचा. आता जिवाची काळजी वाटते. मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्याआधी वडसा, ब्रह्मपुरी, भंडारा या भागांत 13 माणसांचे बळी घेणारा सीटी-1 वाघ ऑक्टोबर 2022 मध्ये पकडला गेला. वाघ ताडोबाच्या हद्दीत थांबत नाहीत. ब्रह्मपुरी, नागभीड, मूल, सावली, तिकडे आरमोरी, या सगळ्या पट्ट्यात शेत कुठं संपतं आणि जंगल कुठं सुरू होतं, ते कळत नाही.

म्हणून बंदिस्त शेळीपालनाचा सल्ला आता सगळेच देतात. सल्ला चांगला आहे. पण पत्रकात दिसतो तितका तो सोपा नाही, आणि खरी परीक्षा होते ती पिल्लांची. मोठी बकरी कशीही तगते. पिल्लू पहिल्या महिन्यातच जातं, आणि त्याची दखल कुठंही होत नाही.

पहिली गोष्ट चिकाची. जार पडेपर्यंत पिल्लाला पाजायचं नाही, अशी समजूत अनेक घरांत अजून आहे. जार पडायला काही तास लागतात, तेवढ्यात पिल्लू थंड पडतं. जन्मल्यापासून अर्ध्या-एक तासात चीक पोटात गेलाच पाहिजे. रोगाशी लढायची ताकद त्याला तिथूनच मिळते, दुसरीकडून नाही. नाळ दोन-तीन बोटं ठेवून कापायची आणि टिंक्चर आयोडीन लावायचं.

दुसरी जमिनीची. झाडीपट्टीत पाऊस भरपूर, घरं मातीची, कोठ्यात ओल. ओल्या शेणमुतात बसलेल्या पिल्लाला रक्ती हगवण लागते किंवा छाती भरते. यावर उपाय गावातच आहे: बांबूच्या कामट्यांचा, जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच माचा. लेंड्या खाली पडतात, पिल्लू कोरडं राहतं. फटी मात्र पिल्लाचा पाय अडकणार नाही इतक्याच ठेवायच्या. थंडीत डालीखाली तणस आणि पोतं घातलं तरी पुष्कळ होतं. काही घरांत पिल्लं चुलीजवळ, माणसांच्याच खोलीत ठेवतात. माया म्हणून ते ठीक, पण धुरानं त्यांना खोकला लागतो. कोठ्याची हवा तपासायची असेल तर उभं राहून नाही, पिल्लाच्या उंचीवर खाली बसून बघावं. आपले डोळे चुरचुरले, तर ते रात्रभर तेच श्वासात घेतंय.

तिसरी दुधाची. आई दिवसभर चरायला आणि पिल्लू घरी उपाशी, मग संध्याकाळी ते अधाशासारखं पितं आणि हगवण लागते. आई घरीच असली तर हा प्रश्न उरत नाही. दोन आठवड्यांनी कोवळा पाला दाखवायचा, तोही जुडी बांधून टांगून. जमिनीवर तुडवलेलं बकरी खात नाही, ती या बाबतीत आपल्यापेक्षा जास्त नखरेल आहे. चौथ्या महिन्यात पीपीआरची लस, आणि पावसाळ्याआधी आंत्रविषाराची. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून तारीख लिहून ठेवावी.

आपल्या समाजासाठी यात ईदचा हिशेबही आहे. कुर्बानीच्या बकऱ्याला वर्ष पूर्ण हवं, आणि तो बिनऐब हवा. लंगडा, काणा, कान फाटलेला चालत नाही. डिसेंबर 2025 मध्ये जन्मलेलं पिल्लू मे 2026 च्या ईदला बसत नाही. 2027 च्या ईदला, म्हणजे मेच्या मध्याला, ते सतरा महिन्यांचं होतं. चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी मागं सरकतं, त्यामुळे हा हिशेब दरवर्षी नव्यानं करावा लागतो. काट्याकुट्यात, कुत्र्यांच्या तावडीत वाढलेल्या बकऱ्याला एखादी खोट राहतेच आणि ईदचा भाव हातचा जातो. घरात वाढलेला बकरा शाबूत राहतो. (मुलं त्याला नाव ठेवतात आणि ईदच्या सकाळी रडतात, ते वेगळं.)

इथंच आम्हाला एक गोष्ट स्पष्ट बोलायची आहे. चंद्रपूर, बल्लारपूर, वडशातली काही कुटुंबं खेड्यात बटईनं बकऱ्या ठेवतात. बकरी एकाची, सांभाळ दुसऱ्याचा, पिल्लं अर्धी-अर्धी. सांभाळणारं घर बहुतेक गोंड, ढिवर किंवा आपल्यातलंच एखादं भूमिहीन. जुना रिवाज आहे, दोघांनाही त्यात बरकत आहे. पण वाघाच्या मुलखात जोखीम अर्धी-अर्धी राहिलेली नाही, ती सगळी सांभाळणाऱ्याच्या अंगावर आलीय. अर्धी पिल्लं घेणाऱ्यानं निदान माच्याचा बांबू आणि जाळीचा खर्च उचलावा, हे इन्साफाला धरून होईल.

जाळी नुसती बाजूंनी लावून भागत नाही. बिबट्या चढतो. वरून उघड्या कोठ्यात उतरला तर बंद जागेत बिथरलेल्या बकऱ्यांतली एक मारून तो थांबेलच असं नाही. वरची बाजू झाकलेली आणि दार आतून-बाहेरून पक्कं हवं. नुकसान झालंच तर मेलेलं जनावर हलवू नये आणि 48 तासांत वनखात्याला कळवावं. भरपाई बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 15 हजार, यातली कमी असेल ती रक्कम. महिन्याच्या पिल्लाचा बाजारभाव तो काय असणार? वर्षानं ईदला जे आलं असतं, ते पंचनाम्यात कधीच येत नाही.

आता सगळ्यात अवघड भाग. बकरी घरात आली, पण तिचा पाला कुठून येणार? पत्रकं इथं गप्प बसतात. पाला आणायला बाईच जाते, आणि जंगलातच जाते. खाली वाकून कापणारं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, सावज वाटतं. म्हणजे बकरी सुरक्षित झाली आणि धोका बाईकडे सरकला. असं शेळीपालन करण्यात अर्थ नाही. शेड मंजूर करताना बांधावर सुबाभूळ, शेवरी, शेवगा लावलाय का, ते आधी बघितलं पाहिजे. धानाच्या तणसावर बकरी पोसत नाही, पण धानानंतर बांध्यात लाखोळी घेतात, तिचं कुटार तिला चालतं. ते विकून टाकण्याऐवजी पावसाळ्यासाठी कोरड्या जागी साठवता येतं. ज्यांना बांधच नाही त्यांच्यासाठी ग्रामसभेनं जागा द्यावी. गडचिरोलीत हे अशक्य नाही. मेंढा-लेखाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचा पास स्वतः द्यायचा अधिकार. ज्या ग्रामसभांच्या हातात असा बांबू आहे, त्या माच्यांना बांबू देऊ शकतात आणि गावालगत चाऱ्याची झाडंही लावू शकतात.

राहिला कागद. दहा बकऱ्या आणि एक बोकड देणाऱ्या राज्याच्या योजनेत अनुसूचित जाती-जमातींना 75 टक्के आणि इतरांना 50 टक्के अनुदान आहे. म्हणजे आपल्या बहुतेक घरांना निम्मे पैसे स्वतः उभे करावे लागतात, आणि रोजमजुरीच्या घराला ते जड जातं. शेडसाठी जागेचा पुरावा लागतो, आणि पूर्व विदर्भात कितीतरी भूमिहीनांची घरं झुडपी जंगलाच्या जमिनीवर आहेत. 22 मे 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ही जमीन वनजमीनच मानली. 12 डिसेंबर 1996 पूर्वीची वाटपं नियमित करण्याचा मार्ग मात्र खुला ठेवला. तेव्हा ज्यांच्याकडे त्याआधीचा कागद आहे त्यांनी तो आता शोधून ठेवावा, घरपट्टीच्या पावत्यांसह. त्यातच डिसेंबर 2025 मध्ये मनरेगाच्या जागी नवा कायदा आला. 49,284 रुपयांचं शेड त्यात टिकणार का, दर तोच राहणार का, हे प्रत्येक ग्रामपंचायतीनं पंचायत समितीला लेखी विचारायला हवं, आणि उत्तर पावसाळ्याआधी यायला हवं. जूनमध्ये माचा बांधता येत नाही.