ढोल टिकला, भाषेचे काय?

1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून सण आला की मराठी वाचक भाषेकडे वळतो. या सुंदर सवयीमागून एक समजही येतो: सण उत्साहात साजरा होतो आहे तोवर भाषेची चिंता नको. यंदाचा अंक ‘उत्सव आणि भाषा’ या विषयावर काढताना हा समज तपासून पाहावा असे आम्हाला वाटले, आणि त्यासाठी उत्तर अमेरिकेतील महासरोवरांच्या काठच्या अनिशिनाबे लोकांइतके बोलके उदाहरण दुसरे सापडले नाही. ओजिब्वे, ओडावा, पोटावाटोमी हे सारे स्वतःला अनिशिनाबे म्हणवतात. त्यांची भाषा अनिशिनाबेमोविन. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन आणि कॅनडातील ऑन्टारिओ या भागांत उन्हाळाभर त्यांचे पाऊ-वाऊ, म्हणजे ढोल, गाणी आणि नाच यांचे मेळे, भरतात. गरुडपिसांचा दंड आणि ध्वज घेऊन माजी सैनिक आधी रिंगणात येतात, त्यांच्यामागून नाचणारे. हा उत्सव आज जोमात आहे. भाषा मात्र अमेरिकेच्या बाजूला मुख्यतः म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी उरली आहे. दोन्हींवर घाव एकाच काळात, एकाच सत्तेने घातला. मग एक सावरला आणि दुसरी खचली, असे का झाले?

1883 साली अमेरिकन सरकारने मूलनिवासींच्या काही नृत्यांना गुन्हा ठरवले. 1921 मध्ये इंडियन व्यवहार खात्याचे आयुक्त चार्ल्स बर्क यांनी नृत्यांना आळा घालण्याचे परिपत्रक काढले आणि 1923 च्या पुरवणीत मिशनऱ्यांच्या शिफारशी जोडल्या. त्यांतली एक अशी, की पन्नाशीच्या आतल्या कोणीही नाचात भाग घेऊ नये, तिथे हजरही राहू नये. नाच म्हाताऱ्यांपुरता ठेवला की तो आपोआप संपेल, हा त्यामागचा हिशेब. कॅनडात 1914 पासून पश्चिमेकडील प्रांतांत पारंपरिक वेशात राखीव वस्तीबाहेर नाचायला सरकारी परवानगी लागू लागली. तो कायदा 1951 पर्यंत हटला नाही. याच वर्षांत मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत ठेवले जात होते आणि मातृभाषेत बोलल्याबद्दल शिक्षा होत होती. दुसरीकडे स्मिथसोनियन संस्थेसाठी फ्रान्सिस डेन्समोर मेणाच्या नळ्यांवर ओजिब्वे गाणी ध्वनिमुद्रित करत होत्या. त्यांचे दोन खंड 1910 आणि 1913 मध्ये सरकारी खर्चाने छापले गेले. गाणे संग्रहात ठेवायला त्या राज्यव्यवस्थेची हरकत नव्हती. ते तरुणांच्या गळ्यात राहू नये, एवढेच तिला हवे होते.

नाचाला वर्षातून काही दिवस मिळाले तरी तो तग धरतो. चार जुलैच्या राष्ट्रीय सणाला अधिकारी आडवे येत नसत, म्हणून अनेक वस्त्यांनी नाच त्या दिवसाच्या आडोशाला नेला. मिनेसोटातील व्हाइट अर्थ या ओजिब्वे वस्तीवर 14 जून हा तिथल्या लोकांच्या 1868 मधील आगमनाचा दिवस म्हणून पाळतात. तोही असाच एक आधार. भाषेला असा आडोसा मिळत नाही. तिला रोजचे जेवण, भांडण, झोपताना सांगितलेली गोष्ट लागते, आणि निवासी शाळेने नेमके तेच हिरावले. उत्सव भाषा जगवतो हे गृहीतक इथेच कोसळते.

तरीही पाऊ-वाऊने काही जपले नाही असे म्हणणे अन्याय्य ठरेल. अनिशिनाबेमोविनमध्ये ढोल व्याकरणाने सजीव आहे. यावरून लगेच तत्त्वज्ञान उभारणे योग्य नव्हे: त्याच भाषेत रासबेरी सजीव आणि स्ट्रॉबेरी निर्जीव आहे, आणि आपली भिंत स्त्रीलिंगी असली म्हणून बाई होत नाही. पुरावा व्याकरणापेक्षा वागण्यात आहे. ढोलाला तंबाखू अर्पण करतात. त्याचा सांभाळ करणाऱ्यावर जबाबदाऱ्या असतात. गरुडाचे पीस खाली पडले तर नाच थांबतो आणि ते विधिपूर्वक उचलले जाते. शब्द विसरले गेले तरी त्या शब्दांनी घडवलेली वागणूक उरली, आणि शब्द परत शिकणाऱ्याला ते कशाबद्दल आहेत हे शोधत बसावे लागत नाही.

यावर पहिला आक्षेप शुद्धतेचा. पाऊ-वाऊ मुळात मैदानी प्रदेशातील जमातींचा, ओजिब्वेंचा नव्हेच, असे म्हटले जाते. त्यात तथ्य आहे. मोठा विधीचा ढोल एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डकोटांकडून, म्हणजे जुन्या शत्रूंकडून, समेटाची खूण म्हणून आला. ती देणगी सांगणाऱ्या परंपरेत डकोटा स्त्रीचे स्वप्न केंद्रस्थानी आहे. पण घेणारा समाज मेलेला नव्हता, याचाच तो पुरावा नव्हे काय? जिंगल ड्रेसची गोष्ट तर याहून ठळक आहे. धातूच्या शंकूंच्या ओळी शिवलेला हा झगा नाचताना किणकिणतो. हे शंकू पुढे तपकिरीच्या डब्यांच्या झाकणांपासून वळले जात. त्याचा उगम ओजिब्वे 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या काळाशी, आजारी मुलीसाठी पडलेल्या स्वप्नाशी जोडतात. मिनेसोटातील मिल लॅक्स आणि ऑन्टारिओतील व्हाइटफिश बे या दोन्ही ठिकाणी ही कथा आपली म्हणून सांगतात. रेड लेकच्या इतिहासकार ब्रेंडा चाइल्ड यांनी या नृत्याचा त्या साथीशी असलेला संबंध अभ्यासला आहे. नाचांवर सरकारी दडपण असताना या समाजाने नवा, बरे करणारा नाच घडवला. 2020 च्या साथीत नर्तकींनी तो घरच्या अंगणात नाचून इंटरनेटवरून एकमेकींपर्यंत पोहोचवला.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. पाऊ-वाऊचा निवेदक बहुधा इंग्रजीत बोलतो, कित्येक गाण्यांत अर्थाचे शब्दच नसतात, नुसते स्वर असतात, आणि मोठ्या स्पर्धांत बक्षिसाची रक्कम बोलते. स्वरांच्या गाण्यांमुळे वेगवेगळ्या भाषांचे लोक एका ढोलाभोवती बसू शकले, हे मोठेच काम आहे. बक्षिसांबद्दलही आम्ही फार कठोर होणार नाही, कारण ज्यात स्पर्धा नसते असे पारंपरिक मेळे शेजारीच भरतात. भाषेपुरता मात्र आक्षेप मान्य करावा लागतो: पाऊ-वाऊ ती शिकवत नाही. ते काम विस्कॉन्सिनमधील लाक कूत ओरेय वस्तीवरची वाडूकोडाडिंग ही शाळा करते. या शतकाच्या आरंभी सुरू झालेल्या या शाळेत गणित आणि विज्ञानही ओजिब्वेतून शिकवतात, आणि वसंतात मेपलचा रस आटवण्याचा हंगाम हाही वर्गच असतो. मिनेसोटा विद्यापीठाचा ओजिब्वे शब्दकोश वडीलधाऱ्यांच्या आवाजासह इंटरनेटवर खुला आहे. लाक कूत ओरेय वस्तीवरच 1973 पासून दर जुलैत ‘ऑनर द अर्थ’ हा पाऊ-वाऊ भरतो. शाळेतील मुलांना आपली भाषा चारचौघांत ऐकवायला तिथे गर्दी आयती जमलेली असते. ती जमवायला एरवी पिढ्या लागल्या असत्या. ती भाषा अस्खलित बोलणारे शिक्षक मात्र त्या गर्दीतही मोजकेच सापडतात. त्यांना घडवायला वेळ आणि पैसा लागतो, आणि जुन्या बोलणाऱ्यांचे वय पाहता तो याच दशकात खर्च व्हायला हवा.