दानात ‘चिप इन’ कशाला?



आपल्या बायकांच्या ग्रुपांवर सध्या एक इंग्रजी शब्द फार बोकाळलाय. ‘ऑल लेडीज, प्लीज चिप इन.’ गोशाळेच्या चाऱ्यासाठी चिप इन, पाठशाळेच्या मुलांच्या वह्यांसाठी चिप इन, आणि मंडळाच्या सहलीच्या बससाठीही चिप इनच! कामं तीन, शब्द एक. माझी तक्रार इथूनच सुरू होते.

आधी अर्थ बघू. चिप म्हणजे इथे बटाट्याची नव्हे. पत्त्यांच्या जुगारात पैशाऐवजी ज्या रंगीत चकत्या वापरतात, त्या चिप्स. पोकर खेळताना ज्याने त्याने आपल्या चकत्या मधल्या ढिगात टाकायच्या, त्यावरून एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत हा शब्दप्रयोग रूढ झाला. पुढे ‘सगळ्यांनी मिळून थोडे थोडे घालणे’ एवढाच अर्थ उरला. (इंग्रज लोक बोलण्यात मध्येच तोंड घालण्यालाही ‘चिप इन’ म्हणतात. तेही आपल्या ग्रुपवर भरपूर चालतं!) सप्तव्यसनांत पहिला नंबर जुगाराचा, आणि आपण जुगाराच्या टेबलावरचा शब्द दानाला लावतो. पण नुसतं शब्दाचं कूळ काढून भांडायची मला हौस नाही. कितीतरी शब्द कुठून कुठून आलेले असतात. माझं भांडण वापराशी आहे.

इंग्रजीत हा शब्द नोकरी सोडणाऱ्या सहकाऱ्याच्या भेटवस्तूसाठी, एकत्र मागवलेल्या जेवणासाठी सर्रास चालतो. चांगल्या कामासाठीही चालतो, पण तेव्हा ती माणसं ‘जमेल तेवढं चिप इन करा’ असंही सहज म्हणतात. आपण शब्द उचलला आणि त्यातला हा मोकळेपणा तिथेच सोडून आलो. आपल्याकडे त्याचा अर्थ झाला: प्रत्येकी पाचशे, रविवारपर्यंत, आणि ज्यांनी भरले त्यांच्या नावापुढे हिरवी खूण.

ही हिरवी खूण फार वाईट. एका मंडळात माझ्या डोळ्यांदेखत झालेली गोष्ट सांगते. पापड-शेवया करून घर चालवणारी एक बहीण. यादीत तिच्या नावापुढची जागा चार दिवस रिकामी. रोज सकाळी ती यादी नव्याने पडायची, ‘जेंटल रिमाइंडर’ म्हणून. पाचव्या दिवशी तिने पैसे भरले. त्यानंतर ती स्वाध्यायाला आली नाही. चाऱ्याला पाचशे रुपये मिळाले, आणि जिनवाणी ऐकायला येणारी एक श्राविका गेली. कॉमर्सच्या भाषेत सांगायचं तर हा व्यवहार तोट्याचा झाला, फक्त तोटा कुठल्या वहीत लिहायचा ते कुणाला कळलं नाही.

आपल्याकडे यासाठी शब्द नव्हते का? सहलीच्या बसला ‘वर्गणी’ म्हणा. खर्च ठरलेला, माणसं ठरलेली, भागाकार करा, घ्या. बसमध्ये बसणारीने भाडं द्यावं यात लाज कसली? पण चारा, वह्या, औषधं हे दान आहे. हिशेबाच्या वहीतसुद्धा वर्गणी आणि देणगी ही खाती वेगळी असतात. दान म्हणजे दुसऱ्याच्या आणि आपल्या भल्यासाठी आपल्या वस्तूवरचा हक्क सोडणं. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात दानाचं फळ कशावर अवलंबून असतं ते सांगितलंय: विधी, द्रव्य, देणारा आणि घेणारा. द्रव्य चारांपैकी एक. आपण उरलेले तीन सोडून त्याच एकाचा पाठलाग करतो, आणि विधीच्या जागी हिरवी खूण बसवतो.

आणि ज्यांच्याकडे द्रव्यच नाही? त्यांच्यासाठी आपल्या धर्माने जो शब्द ठेवलाय त्याला इंग्रजीत मला अजून जोड सापडलेली नाही: अनुमोदना. करणं, करवणं आणि मनापासून ‘छान झालं’ म्हणणं, तिन्हींचं फळ आहे. आदिपुराणातली वज्रजंघ राजा आणि श्रीमती राणीची कथा आठवा. त्यांनी वनात मुनींना आहार दिला, तेव्हा वाघ, रानडुक्कर, वानर आणि मुंगूस बाजूला उभे राहून नुसतं बघत होते. त्यांच्याकडे काय होतं द्यायला? त्या आनंदाचंच पुण्य त्यांना लागलं आणि पुढच्या भवांत ते राजा-राणीच्या जीवांबरोबरच राहिले. त्या मुंगसाला कुणी रिमाइंडर पाठवला नव्हता.

फार जुन्या गोष्टी नकोत तर आपल्या कुंभोजच्या कर्मवीर भाऊराव पाटलांचं बघा. 1919 साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या मुलांच्या पोटाची सोय व्हावी म्हणून त्यांचा ‘मुष्टिफंड’ होता. घरोघरच्या बायकांनी रोज मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायचं. मूठ जिची तिची. मोठ्या हाताची मोठी, लहान हाताची लहान, आणि कुणाची मूठ किती हे कुणी मोजायचं नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तर त्याच मुलांसाठी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. दोन्ही गोष्टी एकाच कामात सामावल्या.

आता कुणी म्हणेल, काकू, मंदिरात बोली लागते, चढावे होतात, पाटीवर नावं कोरतात, त्याचं काय? त्यातलं सगळं मला आवडतं असं मुळीच नाही, त्यावर एकदा वेगळं लिहीन. पण एक फरक आहे. बोलीत ज्याची ऐपत आहे तोच उठतो. मागे बसलेल्या बाईला ‘तुमचं राहिलंय’ असं कुणी म्हणत नाही.

दुसरी शंका खजिनदार मैत्रिणींची: यादी टाकली नाही तर पैसे जमतच नाहीत. मग ज्या चार-पाच जणी सहज देऊ शकतात त्यांना फोन करा, त्या देतात. बाकीच्यांसाठी झाकण लावलेला डबा स्वाध्यायाच्या ठिकाणी ठेवा. गुप्तदान हा शब्द काही आपल्याला नवा नाही. नोंदणीकृत संस्थेला देणगीदाराचं नाव-पत्ता लिहून ठेवावा लागतो, तो पावतीपुस्तकात राहू दे. ग्रुपवर फक्त एकूण रक्कम आणि खर्चाची बिलं टाका. हिशेब म्हणून तेवढंच लागतं.

दशलक्षण जवळ आलंय. आठव्या दिवशी उत्तम त्याग धर्मावर प्रवचन होईल आणि त्याच संध्याकाळी कुठल्या तरी ग्रुपवर ‘चिप इन’ची यादी पडेल. ती तुमच्या ग्रुपवर पडली तर खजिनदार ताईंना एक फोन करा. ग्रुपवर लिहू नका, त्यांनाही लाज वाटायला नको.