सोडा घातला म्हणून वाईनचं सरबत होत नाही

“डॉक्टर, वाईन द्राक्षांचीच ना? सोडा, लिंबू, बर्फ घालून घरीच थंडगार कॉकटेल केलं तर काय बिघडलं?” उन्हाळ्यात हा प्रश्न हमखास येतो. बिघडतं ते असं. १२ टक्क्यांच्या १५० मिली वाईनमध्ये सुमारे १४ ग्रॅम अल्कोहोल असतं. वरून कितीही सोडा ओता, ते तेवढंच राहतं. चव सौम्य झाल्याने दुसरा ग्लास मात्र लवकर भरला जातो. शिवाय अल्कोहोल लघवी आटोक्यात ठेवणारं हार्मोन दाबतं. घामाने आधीच पाणी कमी झालेलं, त्यात ही भर. याला ताजंतवानं करणारं पेय म्हणायचं? इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर तर उपाशीपोटी प्यायल्यास धोकादायक उतरू शकते. तहान लागलीय ना? माठातलं पाणी, ताक, कोकम सरबत प्या.