स्तुतिगीत आणि बुडीत गाव

'इंडियन ओशन' या दिल्लीच्या रॉक बँडचा 'कंदिसा' (२०००) हा दुसरा स्टुडिओ अल्बम. त्याला नाव देणारे गीत ही केरळच्या सुरियानी ख्रिस्ती परंपरेतील प्रार्थना, आणि तेच सर्वाधिक गाजले. शब्द कळत नाहीत तरी श्रोता हेलावतो. अर्थाच्या आधी नाद पोचतो, याचे हे उत्तम उदाहरण. तरीही मराठीच्या अभ्यासकाने याच अल्बममधील 'माँ रेवा' अधिक लक्षपूर्वक ऐकावे, असे आम्हांस वाटते.

हे नर्मदाखोऱ्यातील पारंपरिक स्तुतिगीत. बँडचे गायक व बासवादक राहुल राम हे नर्मदा बचाव आंदोलनात काम केलेले. गीतात मात्र धरण नाही, विस्थापन नाही. आहे ती केवळ नदीची थोरवी. ज्या वर्षी अल्बम आला, त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने सरदार सरोवराच्या पुढील बांधकामाला संमती दिली. अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेलीसारखी गावे याच बुडितात गेली. हा संदर्भ ठाऊक असेल, तर तीच स्तुती विलापासारखी ऐकू येते.

रॉकने लोकगीताची करमणूक केली, असा आक्षेप घेता येईल. परंतु गीत आणि त्याची भूमी यांची फारकत केवळ गिटार करते काय? लोकसाहित्य शिकवताना आपणही ओव्यांची वर्गवारी करतो : जात्यावरच्या, सणांच्या, नात्यांच्या. ही ओवी कोणत्या गावची आणि ते गाव आज कोठे आहे, हे आपण विचारत नाही. बँडने निदान गीत गाते ठेवले. आपण त्याचे टिपण केले.

भोर-वेल्ह्यात हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. वेळवंडीवरचे भाटघर ब्रिटिश काळातले. त्यानंतर पानशेत, वरसगाव, नीरा देवघर, गुंजवणी. भाटघरचे पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणकडे जाते. तेथल्या उसाची आकडेवारी मिळते. पाण्याखाली गेलेल्या गावांच्या गाण्यांची कोठे मिळेल? उन्हाळ्यात जलाशय आटला की कांबरे गावचे कांबरेश्वराचे मंदिर उघडे पडते, पावसाळ्यात पुन्हा बुडते. गाण्याला अशी परतीची सोय नसते. गाणारी पिढी गेली की ते गेलेच.

म्हणून येथील महाविद्यालयांतील लोकसाहित्याच्या प्रकल्पांत एक साधा बदल व्हावा. प्रत्येक ओवीखाली प्रकारासोबत गाणारीचे मूळ गाव, ते कोणत्या धरणात गेले आणि ती आता कोठे राहते, हेही लिहावे. ओवीचा अर्थ लावताना या तीन नोंदी मुख्य संहितेइतक्याच उपयोगी पडतील. वर्गात 'माँ रेवा' ऐकवायचे ते त्यानंतर.